मातीतून गादीवर : खाशाबांची चार वर्षे

खाशाबा जाधवांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याचा साचा एव्हाना पक्का झाला आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा मुलगा, राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्याच्यासाठी घर गहाण ठेवून उभे केलेले सात हजार रुपये, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधले कांस्यपदक, १५१ बैलगाड्यांची मिरवणूक, पोलीस खात्यातली नोकरी, १९८४चा अपघाती मृत्यू आणि २००० सालचा मरणोत्तर अर्जुन पुरस्कार. हे सारे खरेच आहे. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या माणसाच्या वाट्याला आलेली उपेक्षा विसरण्याजोगी नाही, हेही खरे. तथापि हा मजकूर पुनःपुन्हा वाचताना एक प्रश्न पडतो. या सगळ्यात कुस्ती कुठे आहे? ज्या कौशल्यामुळे हा माणूस आपल्याला ठाऊक झाला, त्या कौशल्याबद्दल आपल्या लेखनात जेमतेम एखादे वाक्य सापडते, आणि तेही बहुधा 'मातीत तयार झालेल्या या मल्लाला गादीची सवय नव्हती' एवढेच असते.

माझ्या मते खाशाबांचे खरे चरित्र याच वाक्यापासून सुरू व्हायला हवे.

१९४८ साली लंडनला ते गेले तेव्हा ५२ किलोच्या गटात होते. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना त्यांनी हरवले, इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले आणि अखेर सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ते ५७ किलोच्या, म्हणजे वरच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांवर त्यांनी मात केली. जपानचा शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव या दोघांकडूनच काय ती हार झाली, आणि त्या दोघांनी अनुक्रमे सुवर्ण व रौप्य पटकावले. सहाव्या स्थानापासून तिसऱ्या स्थानापर्यंतचा हा प्रवास केवळ जिद्दीचा नव्हता. एका शरीराने आपले व्याकरण बदलल्याचा हा इतिहास आहे.

व्याकरण हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. हौदातली लाल माती ताक, तेल, लिंबू, हळद यांनी मऊ केलेली असते. ती पायाला धरून ठेवते, वेग कमी करते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या घामट अंगावर चोळली की पकडीला आधार देते. लंगोटाची किंवा जांग्याची पकड हा तिथल्या डावांचा एक मोठा पाया. कुस्ती निकाली, म्हणजे पाठ लागेपर्यंत. त्यामुळे दमसास राखून, समोरच्याला थकवून, योग्य क्षणाची वाट पाहणे हा तिथला शहाणपणा ठरतो. गादीवर यातले बरेच काही उलटते. पृष्ठभाग कोरडा आणि वेगवान, कपडा धरायला बंदी, वेळ ठरलेली. आणि पाठ लागली नाही, तर त्या काळच्या नियमांप्रमाणे तीन पंचांचा कौल. वाट पाहणारा मल्ल इथे निष्क्रिय ठरतो. म्हणजे मातीत जो गुण, तोच गादीवर दोष. असे असताना नवे काही शिकण्याआधी जुने काही विसरावे लागते. वीस-बावीस वर्षांच्या अंगाला, ज्याची घडण बालपणापासून एकाच रीतीने झाली आहे, हे विसरणे किती जड जात असेल याची कल्पना भाषांतर करणाऱ्यांना चांगली येईल. मूळ भाषा जितकी अंगवळणी पडलेली, तितकी ती दुसऱ्या भाषेत आडवी येते.

हाच प्रश्न आज वेगळ्या मंचावर उभा आहे. मुष्टियोद्धे आणि कुस्तीगीर 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स'च्या जाळीबंद रिंगणात उतरतात, तेव्हा काय होते? मुष्टियुद्धात अनेक वजनगटांचे जगज्जेतेपद मिळवलेला जेम्स टोनी २०१० साली बॉस्टनमध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, केवळ जुन्या कीर्तीच्या बळावर या प्रकारातली पहिली लढत खेळला. ४७ वर्षांच्या रँडी कुटूरने, जो मुळात कुस्तीगीर, घोट्याजवळून एकेरी पट काढून त्याला क्षणात खाली घेतले. ठोसे वापरण्याची संधीच टोनीला मिळाली नाही. त्याउलट हॉली होम ही मुष्टियुद्धातलीच विश्वविजेती. तिने २०११ साली या नव्या प्रकारात पहिली लढत दिली, आणि चार वर्षांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला, तोवर अजिंक्य असलेल्या राँडा राउझीला डोक्यावर लाथ मारून आडवे केले. यावरून या चार वर्षांचे मोल कळते. आपल्याकडचा भरत खंडारे हाही मुळात कुस्तीगीर. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीच्या रिंगणात तो सोंग यादोंगकडून पहिल्याच फेरीत गळपकडीने हरला. कुस्तीत गळा आवळायला मनाई असते. त्यामुळे पट काढताना मान पुढे देण्यात कुस्तीगिराला फारसा धोका वाटत नाही. या रिंगणात तीच मान जोखमीची होते. सवय म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

यावरून कोणी म्हणेल की, मग ज्याने त्याने आपल्या मातीतच राहावे. लाल मातीविषयीचा आपला जिव्हाळा बहुधा याच निष्कर्षाकडे झुकतो. गादी म्हणजे परकी, माती म्हणजे अस्सल, असे एक सोपे समीकरण त्यामागे असते. सातारा-सांगलीचाच इतिहास पाहिला तर ते टिकत नाही. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला कुस्तीत तीन सुवर्णपदके मिळाली, त्यांपैकी दोन आजच्या सांगली जिल्ह्यातल्या मल्लांची होती. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. शिराळा तालुक्यातल्या पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमन म्हणजे कमरेखाली हात लावायचा नाही. पट, टांग, ढाक यांवर वाढलेल्या मल्लाला अर्धी विद्या बाजूला ठेवून लढण्यासारखेच ते. आणि हेच आंदळकर १९६० साली, माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. माती त्यांनी सोडली नव्हती. ते दोन्ही भाषांत सारख्याच अधिकाराने बोलत होते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात अंतिम लढत होते, ही रचनादेखील या द्वैभाषिकतेची एक प्रकारे कबुलीच आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ती मातीच्या गौरवात हटकून निसटते. जत्रेतल्या मैदानाचा एक सामाजिक क्रम असतो. सकाळी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग वाढत्या इनामाच्या जोडी, आणि दिवस कलताना हलगीच्या कडकडाटात पहिल्या नंबरची कुस्ती. ही शेवटची कुस्ती अवजड देहांची. ५२ किंवा ५७ किलोचा मल्ल कितीही चपळ, कितीही डावपेची असला, तरी या क्रमात त्याची जागा मधेच कुठेतरी. फडाचा मानकरी तो क्वचितच होणार. वजनगटांची पद्धत आणणाऱ्या गादीनेच खाशाबांना सर्वोच्च कुस्ती लढण्याचा अधिकार दिला. ज्या गादीची त्यांना 'सवय नव्हती' म्हणून आपण हळहळतो, तिच्याशिवाय त्यांचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले असते का, हा प्रश्न विचारला पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच लागू पडते. बहुतेक जुन्या तालमींच्या हौदात बाईने पाऊल ठेवणे निषिद्ध होते. मातीची थोरवी गाणाऱ्या लेखनात हा निषेध सहसा येत नाही. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकपासून स्त्रियांची कुस्ती गादीवर जगमान्य झाली, आणि मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली. ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. ज्या मुलींना माती मिळालीच नव्हती, त्यांच्याकडे मातीच्या वियोगाचे गाणे घेऊन आपण कोणत्या तोंडाने जाणार?

अर्थात, या स्थलांतरात काहीच हरवत नाही असे मला म्हणायचे नाही. वस्तादाशी असलेले नाते, गावाने उचललेला खुराकाचा भार, शड्डूचा आवाज, निकालापर्यंत थांबण्याचा धीर, हे सारे गादीवर जसेच्या तसे येत नाही. शब्दही हरवतात, किंवा असे म्हणू की, तेही व्यवसाय बदलतात. धोबीपछाड, चितपट, शड्डू ठोकणे, आखाड्यात उतरणे हे शब्द आज वृत्तपत्रांच्या राजकीय पानांवर जितके आढळतात, तितके क्रीडापानांवर आढळत नाहीत. निवडणुकीतल्या उमेदवाराला आपण सहज धोबीपछाड देऊ लागलो, पण तो डाव नेमका कसा पडतो, कोणता हात कुठे जातो आणि खांदा कधी वळतो, हे सांगणारे गद्य आपल्याकडे किती आहे?

व्यंकटेश माडगूळकर, अण्णा भाऊ साठे, शंकरराव खरात यांची जन्मगावे आणि हिंदकेसरींची गावे एकाच जिल्ह्यात आहेत. इथल्या साहित्याने शेतकरी, मेंढपाळ, गावकुसाबाहेरचा माणूस यांच्या कामाचे बारकावे शब्दांत आणले. पैलवान मात्र आपल्या ग्रामीण कथेत बहुधा रांगडा, भोळा, वापरला जाणारा देह म्हणूनच आला. त्याची बुद्धी त्याच्या देहात असते, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाने पुरेशी मानली नाही असे मला वाटते.

हेलसिंकीतला एक तपशील येथे नोंदवतो. खाशाबांना हरवणारा इशिई मुळात ज्यूदोचा खेळाडू होता. महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या अमलात ज्यूदोवर निर्बंध आले, म्हणून तो कुस्तीकडे वळला. म्हणजे त्या गादीवर समोरासमोर उभे होते ते दोघेही दुसऱ्या विद्येतून आलेले. एकाची मूळ विद्या इतिहासाने हिरावली होती, दुसऱ्याची मूळ विद्या त्या जागी अपुरी होती. त्या लढतीनंतर खाशाबांना विश्रांती न देता पुढच्या कुस्तीला उभे केले, ही हकीकत आपल्याला पाठ आहे, कारण ती अन्यायाची आहे. ते इशिईशी लढले कसे, हे मात्र आपण विचारलेले नाही.

ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा दुसरा महाराष्ट्रीय, नेमबाज स्वप्नील कुसाळे, आपल्याला थेट २०२४ साली पॅरिसमध्ये लाभला. बहात्तर वर्षांचे हे अंतर मोजताना आपण पुन्हा खाशाबांच्या उपेक्षेबद्दल लिहिले. करुणेने लिहिलेले चरित्र वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणते आणि त्याला जबाबदारीतून मोकळेही करते. उपेक्षा शासनाने केली, असे म्हणून आपण सुटतो. पण १९४८ ते १९५२ या चार वर्षांत एका माणसाने अंगातली जुनी भाषा मोडून नवी कशी घडवली, हे न लिहिण्याची उपेक्षा शासनाने केलेली नाही. ती आपण, लिहिणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी केली आहे, आणि ती भरून काढणे अजूनही आपल्याच हाती आहे.