पणतीच्या उजेडातले छायाचित्र

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरच्या मंडळींचे छायाचित्र घेताना फ्लॅश लावू नये. त्याच्या झगझगाटात पणत्यांचे तेज लोपते. त्यापेक्षा डिजिटल कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवावा. भिंगाचे द्वार तेवढेच ठेवून १०० वर १/४ सेकंद लागत असेल, तर १६०० वर सुमारे १/६० सेकंद पुरतो. तेवढ्यात कोणी किंचित हलले, तरी चेहरा सहसा पुसट होत नाही. आयएसओमुळे उजेड मात्र वाढत नाही. मिळालेल्या तुटपुंज्या उजेडाचा संकेतच कॅमेरा मोठा करतो. म्हणून चित्रावर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात. दिसू द्यावेत! ठिपके मागाहून पुष्कळ कमी करता येतात. हललेला चेहरा पूर्ववत होणे कठीण. आणि पणती लावणारी आजी पुढल्या दिवाळीला समोर असेलच, हे कोणी सांगावे?