"मला सायनस आहे" म्हणजे काय हो?

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ठाण्याच्या पुतणीने लिहिलं, "आज परत सायनस उठलाय, ऑफिसला दांडी." झालं! पाच मिनिटांत सगळं खानदान वैद्य झालं. एकीने वाफ घ्यायला सांगितली, दुसरीने दही बंद करायला. जावईबापूंनी तर अँटिबायोटिकचं नाव डोससकट पाठवलं, आणि वन्संनी नाकाचं हाड सरळ करून घ्यायचा सल्ला दिला. मी तेव्हा गप्प बसले. पण रात्री झोप येईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते. कोणाला राग आला तरी चालेल.

पहिला मुद्दा भाषेचा, कारण जन्मभर मराठी शिकवलं. सायनस हा आजारच नव्हे. कपाळात, गालांच्या हाडांत आणि नाकाच्या आजूबाजूला हवेच्या पोकळ्या असतात, चार जोड्या, त्यांचं ते नाव. "मला सायनस आहे" म्हणणं म्हणजे "मला कोपर आहे" म्हणण्यासारखं! आजार होतो तो त्या पोकळ्यांना सूज आल्यावर, आणि त्याची लक्षणं लपत नाहीत. घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, चोंदलेलं नाक, वास न येणं, कधी ताप, कधी वरच्या दाढा ठणकणं. बहुधा तो सर्दीच्या पाठोपाठ येतो आणि सर्दीसारखाच बहुतेकांचा आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो. दर महिन्याला येऊन दोन दिवस मुक्काम ठोकून जाणारा पाहुणा तो नव्हे.

मग मी पुतणीला फोन लावला. म्हटलं, नीट सांग काय होतं. म्हणाली, "काकू, एका डोळ्यामागे ठणकतं, मळमळतं, पडदे ओढून पडून राहावंसं वाटतं. जिना चढले तरी ठोके वाढतात. आणि नाकातून पाणी येतं ना, म्हणून सायनस."

अगं, ही तर अर्धशिशी! मायग्रेन म्हण हवं तर. आपल्याकडे सुश्रुताने डोकेदुखीचे अकरा प्रकार सांगताना 'अर्धावभेदक' वेगळा काढून ठेवला आहे. आजीच्या तोंडी अर्धशिशी हा शब्द होता. आपण शिकलो-सवरलो, तो शब्द गावंढळ म्हणून टाकून दिला आणि त्याजागी चुकीचा शब्द आणून बसवला.

आता तुम्ही म्हणाल, बाई मराठीच्या, डॉक्टरकी कधीपासून? बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांनीच मोजून ठेवलं आहे ते सांगते. 2004 साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. 'मला सायनसची डोकेदुखी आहे' असं समजणारे किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेले 2991 लोक त्यात तपासले. त्यातल्या 88 टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या व्याख्येत बसली! आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत (ती 2015 साली प्रसिद्ध झाली) सुमारे 25 टक्के प्रौढांना वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेला आढळला, बायकांना पुरुषांपेक्षा बराच जास्त. म्हणजे आपल्या गटावरच्या चाळीस जणांत किती असतील, हिशोब तुम्हीच करा.

"पण नाक वाहतं त्याचं काय?" चेहऱ्याच्या ज्या मज्जातंतूतून मायग्रेनची कळ जाते, त्याच्या चेतण्याने नाकाडोळ्यांतून पाणी येऊ शकतं. "ढग आले की दुखतं." हवापालट हे मायग्रेनचं नेहमीचं निमित्त. आमच्या जव्हारला चार महिने ढगात राहावं लागतं, त्यामुळे हा गैरसमज इथे फार. "वाफ घेतल्यावर थांबतं." मायग्रेनचा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहतो आणि आपणहून जातो. जाताना शेवटी जे केलं त्याला श्रेय मिळतं. "फोटोत सूज दिसली." डोकं कधीच न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांच्या फोटोतही ती दिसते. वाकड्या हाडाचंही तसंच.

हे मी इतक्या तावातावाने का लिहिते? कारण बावीस वर्षं मी स्वतः 'सायनसवाल्या बाई' होते. भांड्यावर टॉवेल घेऊन वाफ घेतली, एकदा गाल भाजून घेतला. सुंठेचे लेप लावले, सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाल्ली (ती तेवढी बरी लागायची!). अँटिबायोटिकचे किती कोर्स झाले ते आठवत नाही. पन्नाशीनंतर त्रास आपोआप कमी होत गेला, आणि मग एका डॉक्टरांनी दहा मिनिटं नीट ऐकून घेतलं तेव्हा कळलं की ती अर्धशिशी होती.

माझं जाऊ दे. खरी बोच दुसरीच आहे. मोखाड्याकडच्या पाड्यावरची एक मुलगी सातवीत माझ्या वर्गात होती. महिन्यातून एक-दोनदा बाकावर डोकं टाकायची. मी तिला म्हटलं, "नाटकं पुरे, बाहेर उन्हात उभी राहा, झोप उडेल." उन्हात! अर्धशिशीच्या पोरीला! ती उभी राहिली, तिथेच उलटी केली, आणि मी तिलाच ते साफ करायला लावलं. घरी ज्या दुखण्याने मी दिवा मालवून पडायचे, तेच दुखणं वर्गात मला ओळखता आलं नाही. तिच्या आईने तिला भगताकडे नेलं होतं, तेव्हा मी हसले होते. भगताच्या अंगाऱ्याने काही झालं नसेल, पण पोरीचं दुखतंय हे त्याने खरं मानलं होतं. मी बी.ए. होऊनही ते मानलं नाही. चुकीच्या नावाचा तोटा हाच. 'सायनस' म्हटलं की लोक वाफ देतात, आणि वाफेने गेलं नाही की 'नाटक' म्हणतात.

तेव्हा नातलग मंडळी, तीन प्रश्न लक्षात ठेवा. डोकेदुखीने गेल्या तीन महिन्यांत एखाद्या दिवशी तरी काम अडलं का? दुखताना मळमळतं का? उजेड नकोसा होतो का? दोन उत्तरं 'हो' आली तर सायनस हा शब्द बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. जाताना कुठल्या दिवशी, किती तास, काय खाल्लं, पाळी केव्हा, असं वहीत लिहून न्या. मायग्रेनची वेगळी औषधं आहेत, झटका थांबवणारी आणि वारंवार येऊ नये म्हणून रोज घ्यायची. ती डॉक्टरांनीच ठरवावीत. किराणा दुकानातल्या गोळ्या महिन्यात पंधरा-पंधरा दिवस खाल्ल्या तर पुढे त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. आणि डोकेदुखी एकाएकी वीज पडावी तशी आली, किंवा सोबत ताप येऊन मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर वाफ नको नि माझा ब्लॉगही नको, सरळ दवाखाना गाठा.

खरा सायनुसायटिस होतच नाही असं माझं म्हणणं नाही. पण तो आपण समजतो त्यापेक्षा फार थोड्यांना असतो.

पुतणीने पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ती मुलगी आता पन्नाशीला आली असेल. भेटली तर तिचं डोकं अजून दुखतं का हे विचारायचं आहे, आणि आधी माफी मागायची आहे.