एकच ट्रॅक की चारही?

गेल्या महिन्यात नाटकांना संगीत देणाऱ्या एका जुन्या मित्राने टास्कॅमचा ‘पोर्टास्टुडिओ १४४’ माझ्या टेबलावर आणून ठेवला. साध्या कॅसेटवर चार वेगळे ट्रॅक भरणारं हे यंत्र १९७९ साली आलं. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा ‘नेब्रास्का’ अल्बम अशाच यंत्रावर घरी बसून मुद्रित केला होता.

मित्र म्हणाला, “अरे, तिसऱ्या ट्रॅकवर नवं गाणं भरलं, तरी खालून जुना तबला वाजतोच!” दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, ‘हेड गेलं, मिळत नाही, भंगारात टाका.’ मी यंत्र उलटं केलं. तळाच्या स्क्रूंवरची धूळ जशीच्या तशी होती. न उघडताच निदान झालं होतं.

टेपवर नवं भरण्याआधी जुनं पुसावं लागतं. त्यासाठी इरेज हेडला, कानाला ऐकू येणार नाही इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा जोरदार प्रवाह देतात. तो ऑसिलेटरमधून येतो आणि सगळ्या ट्रॅकना वाटला जातो. म्हणून पहिला प्रश्न एवढाच: पुसलं जात नाही ते एकाच ट्रॅकवर, की चारही? चारही असतील तर ऑसिलेटर बघायचा. एकच असेल तर त्याच ट्रॅकची वाट धरायची.

मित्राच्या मूळ कॅसेटी बाजूला ठेवल्या आणि कोऱ्या टेपवर चारही ट्रॅकना शिट्टीसारखा एकच सूर भरून पुसून पाहिला. एक, दोन आणि चार स्वच्छ, तीनवर सूर शिल्लक. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसलं, फरक नाही. तिसऱ्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स शेजाऱ्यांइतकाच भरला, म्हणजे हेड शाबूत. मग ऑसिलोस्कोप लावला, कारण साधा मल्टिमीटर ही फ्रिक्वेन्सी नीट मोजत नाही. तिसऱ्या वाटेवर प्रवाह मध्येच अडत होता. भिंगाखाली कनेक्टरच्या पायाशी ड्राय सोल्डर दिसला. गरम केला, नवं सोल्डर दिलं, तबला गेला.

यात माझी हुशारी थोडी, सर्व्हिस मॅन्युअलची जास्त. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या यंत्राचा पूर्ण सर्किट डायग्राम माझ्यासमोर होता. त्याच आठवड्यात माझ्याच घरचा दोन वर्षांचा ब्लूटूथ स्पीकर बंद पडला. कंपनीकडे सर्किट मागितलं, तर उत्तर आलं, ‘नवीन घ्या.’

कंपन्या सुरक्षिततेचं आणि व्यवसायाच्या गुपितांचं कारण देतात. लिथियम बॅटरीबाबत त्यातलं पहिलं मला पटतं. पण पॉवर सप्लायच्या नकाशात कसलं गुपित? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. वस्तू विकायची तर तिचा सर्किट डायग्राम आणि सुट्या भागांची यादी दिलीच पाहिजे, अशी सक्ती हवी.

आणि आम्हा दुरुस्तीवाल्यांनाही एक सांगणं आहे. ‘भंगारात टाका’ म्हणण्याआधी निदान चार स्क्रू तरी उघडा.