फेफरे : अज्ञान कोणाचे?

खेड्यात कोणाला फेफरे आले की भोवतालची माणसे त्याच्या नाकाशी चप्पल किंवा कांदा धरतात, मुठीत किल्ली देतात आणि मागाहून त्याला भगताकडे नेतात. शहरातील सुशिक्षित, आणि खेदाने म्हणावे लागते की आपले काही कार्यकर्तेही, हे वर्णन ऐकून हसतात व ‘अडाणी जनतेचे प्रबोधन केले पाहिजे’ असे म्हणून मोकळे होतात. हा निष्कर्ष अपुरा आहे आणि सोयीचाही आहे. कारण त्यामुळे सारा दोष रोग्याच्याच दारात येऊन पडतो.

अंधश्रद्धेची भीड बाळगण्याचे कारण नाही. अपस्मार हा मेंदूचा विकार आहे. त्यात भूत नाही, करणी नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही. तो स्पर्शाने पसरतही नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणून गुण चपलेने आला असे वाटते. भूत उतरवण्यासाठी रोग्याला मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले. तो झाला मात्र त्यांच्या हत्येनंतर.

परंतु कलंक लावणारे केवळ खेडूत होते काय? १९७६ साली संसदेनेच हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून वेड आणि अपस्मार यांना एका ओळीत बसवले आणि वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीचा विवाह रद्द होऊ शकेल अशी तरतूद केली. तो शब्द वगळण्यास १९९९ साल उजाडावे लागले. तेवीस वर्षे जो कलंक राजमुद्रेसह नांदला, त्याबद्दल एकट्या भगताला जाब विचारणे न्यायाचे नाही. आजही लग्न जमवताना मुलीचे दुखणे लपवले जाते; सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, मग त्या बंद पडतात. अशा रीतीने औषध एकाएकी तुटले की झटका जिवावर बेतू शकतो. चूल आणि विहीर तिच्या रोजच्या वाटेवरच असतात.

आता अर्थशास्त्र पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य उपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्के झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. तरीही गरीब देशांत चारांपैकी तिघांना उपचारच मिळत नाहीत. फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून वापरात आहे आणि अत्यंत स्वस्त आहे. मग अडते कोठे? ज्या मालात नफा नाही, तो खेड्यापर्यंत पोहोचवण्याची बाजाराला निकड नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळी नसली की शेतमजुराने दर महिन्याला रोज बुडवून, एस.टी.चे भाडे भरून तालुक्याला जावयाचे. एखादी फेरी चुकते, झटका परततो, आणि ‘डॉक्टरी औषधाने गुण येत नाही’ असा समज पक्का होतो. भगत मात्र गावातच असतो आणि रात्री-अपरात्रीही दार उघडतो. शासन जी जागा रिकामी सोडते, ती अंधश्रद्धा भरून काढते.

शिवाय डुकरातील फीतकृमीची अंडी मलदूषित पाण्यातून वा भाजीतून पोटात गेली की मेंदूत गाठी होतात. झटक्यांचे हे एक मोठे कारण आहे. म्हणजे संडास आणि शुद्ध पाणी यांचाही या रोगाशी थेट संबंध आहे.

प्रबोधन नको, असे माझे म्हणणे नाही. झटका आलेल्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, तोंडात काही घालू नये, पाच मिनिटांत झटका न थांबल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने गावोगाव सांगितलेच पाहिजे. परंतु गोळीवाचून केलेले प्रबोधन हा भुकेल्याला केलेला उपदेश ठरतो. आपल्या आरोग्य केंद्रात अपस्माराची औषधे बाराही महिने असतात काय, हा प्रश्न साथींनी जिल्हा परिषदेत विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे. भगताचे दार बंद करावयाचे असेल, तर आधी दवाखान्याचे दार उघडे हवे.