चिठ्ठीवर झाडाचे नाव हवे

पावसाळ्यात आंबोलीच्या रानात कुजक्या ओंडक्यावर कानाच्या पाळीसारखे काहीतरी तपकिरी, लिबलिबीत उगवलेले पुष्कळांनी पाहिले असेल. पाऊस उघडला की ते आक्रसून काळी, कडक खपली होते. सर आली की पुन्हा फुगते. या जेलीसारख्या बुरशीचे वाळवलेले नमुने हा काही रविवारच्या चहाबरोबर वाचण्याचा विषय नव्हे, हे मला मान्य आहे. पण प्रश्न बुरशीपेक्षा आपल्या नोंदी ठेवण्याच्या सवयीचा आहे.

संग्रहात अशी बुरशी कागदी पाकिटात ठेवतात. आत असते चिमूटभर खपली. रंग गेलेला, आकार गेलेला. म्हणून सारा जीव पाकिटावरच्या चिठ्ठीत: कुठे सापडली, कोणत्या तारखेला, कोणत्या झाडाच्या लाकडावर, कुणी गोळा केली. पिवळी ट्रेमेला तर दिसते लाकडावर, पण जगते लाकडातल्या दुसऱ्या बुरशीवर. नुसती जेली खरवडून आणणाऱ्याने अर्धी माहिती रानातच टाकली म्हणायची.

'आता मोबाइलवर फोटो काढला की झाले,' असे तरुण मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. कानासारख्या या बुरशीला युरोपाबाहेरही सर्रास ऑरिक्युलॅरिया ऑरिक्युला-जुडी हेच युरोपातले नाव लावले जाई. पुढे डीएनए तपासल्यावर चीनमध्ये लागवड होणारी बुरशी वेगळीच निघाली आणि २०१४ मध्ये तिला ऑरिक्युलॅरिया हेईमुअर हे नाव मिळाले. ज्यांनी नमुना जपला, त्यांना जुने पाकीट उघडून नाव दुरुस्त करता येते. वहीत केवळ नाव उतरवले असेल, तर ते नेमके कशाचे होते हे आता कोण सांगणार?

तारखेचेही तसेच. नॉर्वेतल्या संशोधकांनी १९४० ते २००६ या काळातले ८३ जातींच्या अळंब्यांचे सुमारे ३४,५०० नमुने घेतले आणि चिठ्ठ्यांवरच्या तारखा मांडल्या. १९८० नंतर अळंब्या उगवण्याचा दिवस सरासरी जवळजवळ १३ दिवसांनी पुढे गेल्याचे त्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. चाळीसच्या दशकात टोपली घेऊन रानात गेलेल्यांच्या मनात हवामानबदल थोडाच होता!

आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा बुरशीसंग्रह आहे, ही भाग्याची गोष्ट. पण एका महाविद्यालयात (नाव सांगत नाही) संगणकांना जागा हवी म्हणून वनस्पतिशास्त्राचे जुने कपाट रिकामे केलेले मी पाहिले. पाकिटे रद्दीच्या ढिगात होती. संगणक चार-पाच वर्षांत जुने झाले, बदललेही. ती पाकिटे कुठून बदलून आणणार? संग्रहाला इमारतीइतकाच माणूस लागतो: नमुना घेणारा, ओळखणारा, कीड लागू न देणारा. अंदाजपत्रकात कात्री लागते ती मात्र याच पगाराला, आणि कुणी ओरडतही नाही.

यंदाच्या पावसात मुलांना असा 'कान' सापडला, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सडेल. सालीच्या तुकड्यासकट कागदात गुंडाळा, सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी तारीख, गाव व झाडाचे नाव लिहा. झाड ओळखता आले नाही, तर त्याचे एक पानही सोबत ठेवा.