पाण्यावरून जाणारें पाणी

पूल म्हटला म्हणजे खालून पाणी आणि वरून माणसें, ही आपली नेहमींची कल्पना. परंतु खालूनहि पाणी आणि वरूनहि पाणीच, असे पूल मनुष्य फार प्राचीन काळापासून बांधीत आला आहे. नदी, ओढा किंवा दरी आडवी आली असतां कालव्याचें अथवा नळाचें पाणी पलीकडे नेण्यासाठीं जो पूल बांधतात, त्यास जलसेतु म्हणतात. रोमन लोकांच्या जलसेतूंविषयीं आमच्या वाचकांनीं शाळेंतील इतिहासांत वाचलेंच असेल. अमेरिकेंतहि असे जलसेतु आहेत, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. ते दोन हजार वर्षांचे नाहींत, फार तर दोनशें वर्षांचे आहेत. पण तेवढ्या अल्प काळांत एकेकाच्या वाट्यास जी निरनिराळी दशा आली ती विचार करण्यासारखी आहे; म्हणून या महिन्यांत आम्ही त्यांचीच हकीकत देत आहों.

इ. स. १८२५ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत ईरी कालवा पुरा झाला. ३६३ मैल लांबीच्या या कालव्यानें हडसन नदी ईरी सरोवरास जोडली, मालवाहतुकीचा खर्च एकदम उतरला, आणि मग ठिकठिकाणीं कालवे खणण्याची जणूं सांथच आली. आगगाडी तेव्हां नुकती जन्मास येत होती. कालव्यांतील नावा काठच्या वाटेनें चालणारीं खेचरें दोरानें ओढीत. वाटेंत नदी आली म्हणजे कालवाच पुलावरून पलीकडे न्यावा लागे. नावा आणि खेचरें हीं दोन्ही त्या पुलावरून जात.

येथें एक शंका कोणाच्याहि मनांत येईल. पाण्यानें भरलेल्या पुलावर कोळशानें लादलेली नाव आली म्हणजे पुलावरील भार केवढा वाढत असेल? उत्तर असें कीं, तो मुळींच वाढत नाहीं. तरंगणारी वस्तु स्वतःच्या वजनाइतकें पाणी बाजूस सारते, व तेवढें पाणी पुलावरून पुढच्यामागच्या कालव्यांत निघून जातें. मुलांस हें घरींहि दाखवितां येईल. काठोकाठ भरलेल्या घंगाळांत एक लांकडी वाटी हळूच तरंगत सोडावी. जें पाणी सांडेल त्याचें वजन वाटीच्या वजनाइतकेंच भरेल.

हें तत्त्व ज्यानें उत्तम रीतीनें उपयोगांत आणिलें तो स्थापत्यज्ञ म्हणजे जर्मनींतून अमेरिकेस गेलेला जॉन रोबलिंग. पेन्सिल्व्हानियांतील दगडी कोळसा हडसन नदीपर्यंत नेणारा १०८ मैलांचा एक कालवा होता. तो डेलावेअर नदी ओलांडतांना नदीच्याच पात्रांतून जाई. तेथें कालव्याच्या नावा आणि नदींतून वाहत येणारे लांकडांचे तराफे यांची गर्दी उडे, भांडणें होत. १८४७ सालीं रोबलिंगनें तेथें झुलता जलसेतु बांधण्यास घेतला. तारांचे दोन जाड दोर, त्यांस टांगलेली लांकडी पन्हळ, आणि त्या पन्हळींतून जाणारा कालवा! दगडी कमानींचा पूल केला असता तर पात्रांत खांबांची दाटी झाली असती; येथें तीन खांबांवर काम भागलें, आणि हिवाळ्यांतील बर्फाचे लोट व तराफे यांस वाट मोकळी राहिली. पुढें न्यूयॉर्कचा प्रसिद्ध ब्रुकलिन पूल याच रोबलिंगनें आंखला. त्याचें काम सुरू होत असतांच तो १८६९ सालीं अपघातानें वारला, मुलगा तें काम करितां करितां आजारानें खिळला, आणि सून एमिली हिनें नवऱ्याच्या सूचना कामावर पोंचवून तो पूल १८८३ सालीं तडीस नेला. सासऱ्याची विद्या सुनेनें राखल्याचें हें उदाहरण आमच्या भगिनींस आवडेल.

आतां मूळ विषयाकडे वळूं. आगगाडीपुढें कालव्यांचा टिकाव लागेना. रोबलिंगच्या जलसेतूवरील वाहतूक १८९८ सालीं थांबली. पण तो पूल पडून राहिला नाहीं. पाणी काढून टाकून त्याच्या पन्हळींतून गाड्यांचा रस्ता करण्यांत आला, आणि पुढें अनेक वर्षें तो टोल घेणारा खासगी पूल म्हणून चालला. १९८० सालीं राष्ट्रीय उद्यान खात्यानें तो विकत घेतला व जुन्या नकाशांवरून त्याची डागडुजी केली. रोबलिंगनें बसविलेले मूळ लोखंडी दोर आजहि त्याचें ओझें पेलीत आहेत. त्याच कालव्यावर रोबलिंगनें आणखी तीन जलसेतु बांधले होते. त्यांस नवें काम मिळालें नाहीं; आज ते उभे नाहींत.

दुसरें उदाहरण खुद्द न्यूयॉर्क शहराचें. १८३२ सालच्या पटकीनें आणि १८३५ सालच्या भयंकर आगीनें त्या शहरास चांगल्या पाण्याची निकड पटली. क्रोटन नदीचें पाणी ४१ मैलांवरून केवळ उताराच्या बळावर शहरांत आणण्याची योजना जॉन जर्व्हिस यानें पार पाडली. १८४२ सालीं पाणी आलें. हार्लेम नदीवरील पंधरा दगडी कमानींचा ‘हाय ब्रिज’ १८४८ सालीं पुरा झाला. पुढें नदींतून मोठीं जहाजें जाऊं लागलीं, तेव्हां पात्रांतील खांब आड येऊं लागले. पूल पाडावा अशी मागणी झाली, तशी ती नको म्हणणारेहि निघाले. अखेर १९२८ च्या सुमारास पात्रांतील दगडी कमानी काढून त्यांच्या जागीं पोलादाची एकच विशाल कमान बसविण्यांत आली. काठावरच्या कमानी जुन्याच राहिल्या. पाण्याचें काम संपलें, आणि १९७० च्या सुमारास लोकांसहि तो बंद झाला. त्यानंतर सुमारें पंचेचाळीस वर्षें शहरांतील सर्वांत जुना मोठा पूल कुलुपांत होता! आसपासच्या रहिवाशांनीं नेट धरला, डागडुजी झाली, आणि जून २०१५ पासून तो पायीं व सायकलीवरून जाणारांस पुन्हां खुला आहे.

ज्याचें मूळ काम अद्यापि चालू आहे असाहि एक आहे. वॉशिंग्टन शहरास पाणी नेणारा कॅबिन जॉन येथील जलसेतु माँटगोमेरी मेग्ज यानें १८५७ ते १८६४ या काळांत बांधला. त्याची एकच दगडी कमान २२० फुटांची आहे, आणि १९०३ सालापर्यंत एवढी मोठी दगडी कमान जगांत दुसरी नव्हती. काम चालू असतांच यादवी युद्ध पेटलें. पूर्वीं युद्धमंत्री असलेला जेफर्सन डेव्हिस बंडखोर संस्थानांचा अध्यक्ष झाला, तेव्हां पुलावरील शिलालेखांतून त्याचें नांव छिनून काढण्यांत आलें. पुढें थिओडोर रूझवेल्टच्या अमदानींत तें पुन्हां कोरलें गेलें. मंत्री आले नि गेले, नांवें पुसलीं नि लिहिलीं. पोटांतून राजधानीचें पाणी आणि पाठीवरून मोटारी नेण्याचें काम पुलानें सोडलें नाहीं.

आतां ज्यास काम उरलें नाहीं त्याची गोष्ट. पोटोमॅक नदीकांठच्या १८४॥ मैलांच्या कालव्यावर अकरा दगडी जलसेतु होते. त्यांत मोनोकसी नदीवरचा सात कमानींचा, १८३३ सालीं पुरा झालेला, सर्वांत मोठा. १८६२ सालीं दक्षिणेच्या सैन्यानें तो सुरुंगानें उडविण्याचा प्रयत्न केला; पण बांधकाम इतकें एकजीव होतें कीं पहारींची मात्रा चालेना. सैन्य हात हलवीत निघून गेलें. परंतु १९२४ सालीं कालवा बंद पडला, आणि जें फौजेस जमलें नाहीं तें झाडांच्या मुळांनीं व पुरांत येऊन अडकणाऱ्या ओंडक्यांनीं चालविलें. १९७२ सालच्या ॲग्नेस वादळाच्या महापुरानें तर पूल इतका खिळखिळा झाला कीं त्यास पोलादी पट्ट्यांनीं आवळून धरावें लागलें. तीस वर्षें तो त्या बंधनांत उभा होता. १९९८ सालीं देशांतील अत्यंत धोक्यांत आलेल्या ऐतिहासिक स्थळांच्या यादींत त्याचें नांव आलें, तेव्हां लोक जागे झाले. २००५ पर्यंत डागडुजी पुरी होऊन पट्ट्या निघाल्या.

हा सारा कालवाच एकदां जाणार होता. त्याच्या जागेवरून मोटाररस्ता न्यावा असा बेत निघाला असतां, १९५४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांनीं विरोधकांऐवजीं वर्तमानपत्रांच्या संपादकांसच आव्हान दिलें: माझ्याबरोबर संबंध कालवा पायीं चाला, आणि मग काय तें लिहा. मंडळी निघाली, पुरें अंतर चालणारे थोडेच निघाले, पण लोकमत फिरलें. १९७१ सालीं तो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. त्यावरीलच विल्यम्सपोर्ट येथील जलसेतूची एक भिंत १९२० सालीं फुटून पाण्याबरोबर एक नाव ओढ्यांत कोसळली होती. ती भिंत नव्यानें उभारून २०१९ सालीं त्या जलसेतूंत पुन्हां पाणी सोडण्यांत आलें. उलट, ईरी कालव्यावरील स्कोहॅरी ओढ्याचा चौदा कमानींचा सेतु नवा कालवा दुसऱ्या वाटेनें गेल्यावर निकामी झाला. कांहीं कमानी काढल्या, कांहीं पडल्या. उरलेल्या पाण्यांत भग्न उभ्या आहेत.

या हकीकतींवरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. या पुलांचें आयुष्य दगडाच्या बळकटीनें ठरलें नाहीं. काम होतें तोंपर्यंत कोणीतरी गवत उपटीत होतें, चिरा बुजवीत होतें. काम सुटलें कीं पहिल्यानें ती रोजची देखरेख सुटते. पुढें पन्नास वर्षांनीं लोकांस त्याच वस्तूचें मोल कळतें आणि लक्षावधि डॉलर ओततात. पण खरा घात मधल्या त्या पन्नास वर्षांतच झालेला असतो. त्या काळांत ज्यास दुसरें लहानसें का होईना काम मिळालें तो वांचला. घरांतील जुन्या विहिरीचें किंवा माडीचेंहि असेंच नाहीं काय? ती स्मारक म्हणून जपण्यापेक्षां वापरांत ठेवणें अधिक स्वस्त पडतें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें आज अमेरिकेंत आहेत. त्यांच्याकडे न्यूयॉर्कास जाणें झाल्यास हाय ब्रिज एकदां पायीं ओलांडावा. मध्यावर उभें राहिल्यास दगडी कमानी कोठें संपतात व पोलाद कोठें लागतें तें कांठावरून पाहिलेलें आठवेल, आणि ज्यांनीं तो पाडूं दिला नाहीं त्यांचे आभार मनांतल्या मनांत मानावेसे वाटतील.