न लिहिलेला अर्धविराम

"कंपायलर चुकत नाही, चुकतो तो प्रोग्रामर." आमच्या धंद्यात हे वाक्य गुरुमंत्रासारखं ऐकवतात. मला ते साफ नामंजूर आहे.

सी++ मध्ये काम चालू असताना तात्पुरते ऑब्जेक्ट तयार होतात. (घरच्या मंडळींनी लग्नात भाड्याने आणलेली पातेली समजावीत.) ती परत कधी करायची? सुरुवातीला एकमत नव्हतं. कुठला कंपायलर ब्लॉक संपेपर्यंत ठेवी, कुठला आधीच मोडी. १९९८ च्या मानकाने नियम ठरवला: पूर्ण एक्स्प्रेशन संपलं, म्हणजे बहुधा अर्धविराम आला, की नष्ट. थेट रेफरन्सला बांधलेला ऑब्जेक्ट मात्र रेफरन्सइतका जगतो. इथवर तक्रार नाही.

मग २०११ मध्ये नवा फॉर लूप आला. "ग्राहक आणा, त्याच्या नावातलं एकेक अक्षर घ्या", एवढं एका ओळीत! पण कंपायलर आतल्या आत त्याची दोन वाक्यं करतो. आधी नाव एका लपवलेल्या रेफरन्समध्ये, मग लूप. पहिल्या वाक्याच्या शेवटी अर्धविराम आहे, जो आपण लिहिलेलाच नाही! फंक्शनने नावाचा नुसता रेफरन्स दिला असेल, तर तात्पुरता ग्राहक तिथेच नष्ट होतो, आणि नावही त्याच्यासोबत. पंगत बसायच्या आत पातेलं गेलं, वाढपी रिकाम्या जागी डाव घालतोय...

वर मेमरीत कधी जुनीच अक्षरं शिल्लक असतात. चाचणी पास होते, आणि प्रोग्राम नेमका गिऱ्हाइकाकडे कोसळतो.

यावर जाणकार म्हणणार, "नियम वाचायला हवा होता." कंपायलर नियमाप्रमाणेच वागला, म्हणून हा बगसुद्धा नाही म्हणे! अहो, जो अर्धविराम मी लिहिला नाही, तो मला दिसणार कुठून? ज्याने घातला, जबाबदारी त्याची.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ऑब्जेक्ट लूपभर जगवला तर त्याने धरलेलं लॉकही लूपभर धरलेलं राहील. खरं आहे. पण अडकलेला प्रोग्राम निदान अडकलेला दिसतो. मेलेली मेमरी वाचणारा प्रोग्राम हसतमुखाने खोटं उत्तर देऊ शकतो.

अखेर सी++२३ ने नियम बदलला. आता असे ऑब्जेक्ट लूप संपेपर्यंत टिकतात. बारा वर्षं लागली! दोष प्रोग्रामरचाच होता, तर मानक कशाला बदललं?

असो. जुन्या मानकाने कंपाइल करणाऱ्यांसाठी खड्डा अजून तिथेच आहे. त्यांनी ग्राहकाला आधी वेगळ्या ओळीत नाव देऊन ठेवावं. आणि गुरुमंत्र ऐकवणाऱ्यांना एकच विचारावं: तो अर्धविराम कुणाचा?